लिव्हर आणि पाच रोडगे

मूर्तिजापूरच्या जानरावांचं वजन एकशे चार किलो आणि दारूबंदी समितीचं अध्यक्षपद सलग अकरा वर्षं. दोन्ही उतरण्याचं चिन्ह नव्हतं. अकोल्याच्या सोनोग्राफीत मात्र निघालं, फॅटी लिव्हर, दुसरी ग्रेड.

"लोखंडाला गंज चढतो ना, तसं समजा," डॉक्टर म्हणाले. "लिव्हरमध्ये चरबी साठली की आतल्या आत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, पेशी दुखावतात. मग रोगप्रतिकारक पेशी मदतीला धावतात."

"मंग बरंच आहे ना, साहेब!"

"नाही ना. त्या तिथंच ठाण मांडतात. त्यांच्यामुळेच सूज वाढते."

जानराव गोंधळले. कोरोनात ह्याच पेशी वाढाव्यात म्हणून ते दोन बरण्या काढा प्याले होते. आता त्या वाढवायच्या, की हाकलायच्या?

"ते सोडा. आठ किलो उतरवा. गोड, तळलेलं, तूप बंद."

घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, आपल्या नांदगावच्या बहिणीला, वच्छलाला, फोन केला, "ह्यायचं लिव्हर सुजलं वं." नांदगावातून ही बातमी संध्याकाळपर्यंत मोर्शीला पोचली. मोर्शीच्या केशवरावांच्या मुलाशी जानरावांच्या लेकीचं, अपेक्षाचं, लग्न जवळजवळ जमलं होतं. सकाळीच केशवरावांचा फोन.

"लिव्हर म्हंतेत, जानराव? अन् तुमी तं दारूबंदीवाले."

"थेंब नाई घेतला जी! चरबीनं झालं."

"सारे असंच म्हंतेत. रविवारी येतो. समक्ष पाहू."

दुपारच्या एसटीनं वच्छला मदतीला हजर. तिनं पथ्याचं ताट पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"भाऊजी, पावण्यायसमोर हे दोन फुलके घेऊन बसान तं सोयरीक मोडली समजा! दारू पेनाऱ्याले जेवन जात नाई, हे साऱ्यायले मालूम आहे. दाबून जेवा. खाऊन खाऊन झालं, हे त्यायले डोयानं दिसलं पायजे."

"पन डॉक्टर..."

"डॉक्टर पोरीचं लगन लावून देनार हाय काय?"

हिशेब जानरावांना पटला. बुधवारपासून वच्छलानं सराव सुरू केला. शनिवारी काटा एकशे सहावर गेला.

रविवारी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाडजूड रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वाटीवाटी तूप. जानराव घामाघूम होऊन जेवत होते आणि वच्छला प्रत्येक रोडगा मोठ्यानं मोजत होती. "पाच झाले भाऊजी!" केशवराव मात्र टक लावून पाहत होते. त्यांच्या ताटात नुसतं वरण आणि चतकोर रोडगा, तोही तसाच.

जानरावांनी सहावा रोडगा हातातून खाली ठेवला. पाहुणा जेवत नाही, म्हणजे नकारच.

"काही चुकलं का, पावने?"

केशवरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अमरावतीची सोनोग्राफी. "मले भी तेच. दुसरी ग्रेड होती, पयली झाली. नऊ किलो उतरवले. म्याही कधी घेतली नाई, पन गावात कोनी मानते का? म्हनून पाह्याले आलो, आपल्यासारखा अजून कोनी आहे काय!"

"मंग सोयरीक?"

"पक्की. पन हे खानं पाहून भेव वाटून राह्यलं. तुमचे आठ किलो उतरले, की तारीख काढू. व्याही जित्ता पायजे मले."

माजघरात अपेक्षा हसली. सुभद्राबाईंनी डोळे पुसले. वच्छलानं पदर खोचला आणि उरलेलं तूप जानरावांच्या ताटात वाढलं.

"आता काय काळजी, भाऊजी! लगन होईस्तोवर मी हावो ना इथंच, मदतीले."

मदतीला धावणाऱ्या पेशींबद्दल डॉक्टर काय सांगत होते, ते जानरावांना आता कुठं नीट समजलं.