शोकांतिकेला दूध उतरत नाही

सर्जेराव पुस्तकं म्हशीला वाचून दाखवायचा. थट्टा नाही करत. नव्वदच्या दशकात आम्ही कोल्हापुरात बी.ए.ला एका बाकावर बसायचो, आणि संध्याकाळी तो उचगावहून आपली म्हैस चंद्री घेऊन दुधाच्या कट्ट्यावर यायचा. धारोष्ण दूध प्यायला गिऱ्हाइकं पेले घेऊन रांगेत उभी, हा खाली बसून धार काढतोय, समोर पालथ्या बादलीवर उघडं पुस्तक, आणि तोंडानं खणखणीत वाचन चालू. पान उलटायचं ते कोपरानं.

"गप्प माणसाला ही दूध देत न्हाय पावणं," असं तो नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. परत आलेलं प्रत्येक पुस्तक हुंगून बघायची सवय आमच्या ग्रंथपालांना त्याच्यामुळंच लागली.

जगातल्या तमाम अभिजात वाङ्मयाला त्याच्याकडं एकच कसोटी होती. विनोदी नाटक? "फेस पेल्याभाईर येतोय." निसर्गवर्णन? "चालतंय, पण शेपटी लई हलवती." प्रेमकथा? "दोघं भेटंपतोर झकास. लगीन झालं की हिचं रवंथ चालू." आणि शोकांतिका म्हटलं की मान हलवायचा. "उतरत न्हाय लेका. दूध साफ चोरती."

एकदा वर्गात सरांनी विचारलं, "थोर शोकांतिकेचा वाचकावर काय परिणाम होतो?"

सर्जेराव ताडकन उभा. "पान्हा चोरतोय, सर."

पोरांनी बाकं बडवली. सरांनी त्याला बाहेर काढलं आणि फळ्याकडं तोंड करून स्वतः हसून घेतलं.

मला मात्र संताप यायचा. मी मलकापूरहून साहित्य शिकायला आलेला, उसासे टाकत वाचणारा माणूस. एस.टी.च्या खिडकीशी बसून नायकाच्या दुःखानं झुरायचो. "साहित्य म्हणजे काय पेंड आहे का रे?" असं मी त्याच्यावर खेकसायचो. तो शांतपणे म्हणायचा, "पेंडीला पैसं पडत्यात. ही लायब्ररीत फुकट मिळतीया."

परीक्षा तोंडावर आली. एका जाडजूड शोकात्म कादंबरीवर सक्तीचा प्रश्न येणार होता, आणि सर्जेरावची गाडी तिच्या मध्यावर रुतलेली. नायकाची आई मरते, तिथं. तिथं आला की पुस्तक मिटायचा. नापास झाला तर वडील कॉलेज सोडायला लावून कायमचा गोठ्यात बसवणार होते.

"अरे, मग म्हशीशिवाय वाच की, घरी!"

"घरात वाचाय हुत न्हाय," एवढंच म्हणाला.

शेवटी मीच तावातावानं कट्ट्यावर गेलो. "आण ते पुस्तक इकडं. मी वाचतो. बघू कशी देत नाही ते."

पहिल्यांदा लाज वाटली. भर रस्त्यात, म्हशीच्या तोंडाशी उभं राहून वाचायचं म्हणजे काय! पण नंतर माझा सूर लागला. नायकाची आई अंथरुणाला खिळली, तिनं लेकाचा हात हातात घेतला, ती गेली. मी हळूच खाली पाहिलं. दुधाची धार सर्रसर्र चालू होती.

"अरे मर्दा, उतरतंय की!" मी ओरडलोच. "शोकांतिकेलाबी उतरतंय! तुझी कसोटी खोटी!"

रांग खो खो हसली. सर्जेराव हसला नाही. चंद्रीच्या कुशीला कपाळ टेकवून तो धार काढत राहिला.

"तिला काय कळतंय," तो म्हणाला. "तिथं आलं की माझाच आवाज बसतोय. आवाज थांबला की ही दूध चोरती. आधी आई काढायची धार. सारखी बोलायची हिच्याशी. गेल्या साली आई गेली आणि हिनं दूध द्यायचंच सोडलं. मला आईसारखं बोलाय येत न्हाय. म्हणून पुस्तक आणलं."

मला भडभडून आलं. सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली. मी पुस्तक मिटायला लागलो.

"मिटू नगं," तो मान वर न करता म्हणाला. "आई जाती तिथवर मला पाठ हाय. त्यो पोरगा पुढं काय करतोय, ते वाच की."