तात्या नोटीस बजावतात

आमचे घरमालक सर्जेराव तात्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात आणि आमच्याशी पत्रव्यवहार करतात. म्हणजे जिना चढून वर येतात, आमच्या उघड्या दारासमोर उभे राहतात, घसा खाकरून कागद मोठ्यानं वाचतात आणि मी समोर उभा असताना तोच कागद खळ लावून दारावर चिकटवतात. "तात्या, हातात द्या की," असं मी पहिल्या वेळी म्हणालो होतो. मी लाच देऊ केल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हातात घेणारी लई बघितली. मागनं म्हणत्यात, मिळालीच न्हाय. दारावर असली की दार साक्षीला असतंय."

तात्या तीस वर्षं इंदापूर भागात कोर्टाचे बेलिफ होते. समन्स पोचवायचं, नोटीस बजावायची आणि हुकूम असेल तेव्हा घर रिकामं करून मालकाला ताबा द्यायचा, हे त्यांचं काम. सरकारनं त्यांना निवृत्त केलं खरं, पण तसं लेखी कळवायचं राहून गेलं असावं. बारामतीत त्यांनी घर बांधलं, वरचा मजला आम्हाला दिला, आणि मी, बायको सुनंदा आणि मुलगी असे तीन प्रतिवादी त्यांना बसल्या जागी मिळाले. जिन्यात सायकल लावली, नोटीस. ओल्या चादरीचं पाणी खाली ठिबकलं, नोटीस. सुनंदानं कुकरच्या पाच शिट्ट्या केल्या तेव्हा "डाळीस तीन शिट्ट्या पुरेशा असताना" अशी सुरुवात असलेली नोटीस आली. डाळ नव्हती, हरभरे होते. आम्ही तसं लेखी कळवलं. तात्यांनी ते मान्य केल्याचंही लेखी आलं.

भाडेकराराला अठ्ठावीस कलमं होती. मी एकही न वाचता सही केली. अकरा घरं पाहून दमलेला माणूस कलमं वाचत नसतो. त्यात मुलीची शाळा इथून चालत तीन मिनिटांवर, आणि ती येत्या जूनमध्ये दहावीत जाणार. रोज सकाळी घरमालकाला साष्टांग नमस्कार घालीन, असं कलम असतं तरी मी सही केली असती.

मग या उन्हाळ्यात मला कंपनीनं कायम केलं, आणि माझी अक्कल रजेवर गेली. मी वरकुट्याला आबांना फोन करून सांगितलं, "रविवारी दुपारी गच्चीवर जेवण करतोय. तुम्ही आणि चुलते, एवढेच या." माझे वडील साधे गृहस्थ. पण आमच्या भावकीत एका घराला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, तर पुढची दहा लग्नं तोंडं फिरवलेल्या माणसांची होतात. आबांनी तो धोका पत्करला नाही. रविवारी आमच्या दारात दोन पिकअप थांबल्या. त्यातून माणसं उतरत राहिली, उतरत राहिली, आणि शेवटी एक भलामोठा साउंडबॉक्स उतरला. त्याला कुणी सांगितलं होतं, हे अजून कळलेलं नाही.

पाहुणे अत्यंत समजूतदार. मटण कमी पडणार हे ओळखून त्यांनी दुसरं मागवलं. ऊन लागतंय हे ओळखून आबांच्या मावसभावाच्या जावयानं गच्चीवर ताडपत्री ताणली, आणि तिची एक दोरी बांधली ती थेट तात्यांच्या सोलरच्या सांगाड्याला. साउंडबॉक्स लागला. लोक नाचायला लागले. नाचता नाचता कुणीतरी ताडपत्रीला लोंबकळलं आणि सोलर अख्खाच्या अख्खा आडवा झाला. काचेच्या ट्यूबा फुटल्या. टाकीतलं कढत पाणी पन्हाळीतून शेजारच्या काकूंच्या अंगणात कोसळलं, आणि तिथं दोन दिवस वाळत घातलेल्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. सुदैवानं कुणाला भाजलं नाही. काकू मात्र जे काही बोलल्या, ते साउंडबॉक्सच्या वर ऐकू आलं.

तेवढ्यात तात्या वर आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी काखेतून वही काढली आणि पंचनाम्याला सुरुवात केली. पंच म्हणून माझेच दोन चुलते घेतले आणि त्यांच्या सह्या त्यांनी हात धुतल्यावरच घेतल्या, कारण कागदाला रस्सा लागलेला त्यांना चालत नाही. "फुटक्या ट्यूबा, नग पंधरा. शाबूत, नग पाच. नाचणारे इसम, मोजता आले न्हाईत." आबा हात जोडून म्हणाले, "सर्जेराव, दोन घास खाऊन घ्या." तात्या म्हणाले, "पंचनामा करणाऱ्यानं पंगतीला बसू न्हाय." आणि खाली निघून गेले. पुढच्या पाच मिनिटांत पिकअप भरून भावकीही निघून गेली. जावई सर्वांत आधी बसला होता.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. "सदर जागा खाली करून" एवढे शब्द कानावर पडले आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. मालकाचं म्हणणं ऐकून घ्यायला भाडेकरूनं पुढच्या रविवारी घरी हजर राहावं, असंही त्यात होतं. तो आठवडा मी ऑफिसात कमी आणि घरांच्या दलालांकडं जास्त काढला. शाळेच्या आसपास एकही घर नव्हतं. मुलगी काही विचारत नव्हती, पण तिनं नवी पुस्तकं खोक्यातून बाहेरच काढली नव्हती. ते मला फार लागलं.

रविवारी तात्या वही घेऊन आले. दार उघडं होतं तरी त्यांनी कडी वाजवली. मी आठवडाभर घोकलेलं म्हणून दाखवलं. "तात्या, सोलर मी पाडला नाही. दोरी मी बांधली नाही. ज्यानं बांधली त्याचं मला धड नावही ठाऊक नाही."

"नाव ठाऊक नसलेला मानूस जेवला कुणाकडं?"

"आमच्याकडं."

"मग पाडला बी तुमीच. कलम सतरा. भाडेकरूच्या पाहुन्यानं केलेलं नुसकान भाडेकरूनं भरून द्यायचं. वापरून झिजलं तर माझं, नाचून फुटलं तर तुमचं. आन काकूंना तरास झाला ते कलम अठरा."

"मान्य आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "सोलर बसवून देतो. काकूंकडं सुनंदा जाऊन कुरडया घालून देईल. पण घर..."

बाजूला बसलेली सुनंदा उठली आणि तिनं दारावरच्या कागदावर बोट ठेवलं. "तात्या, घर कुठल्या तारखेला सोडायचं, ते लिहायचं राहिलंय. तारीख सांगा, म्हणजे आम्हाला सामान बांधायला बरं."

मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. खरोखरच तिथं कोरी जागा होती. आठ दिवस मी त्या दारातून ये-जा करत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

तात्यांनी पेन उघडलं. कागदाजवळ नेलं. तिथंच थांबले. मग खुर्चीवर टेकले आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

"चार येळा बसलो लिहायला," ते म्हणाले. "तारखेपाशी आलं की हात चालंना."



"एका गावात ताबा घ्यायला गेलतो. गाव सांगत न्हाय. घरात बाई एकटीच. ऊन हे असं. मला म्हनली, दादा, पानी घ्या. तांब्याभर पानी दिलं. मी प्यालो. मग यादी करायला बसलो, सामान बाहेर काढायच्या आदी यादी करावी लागती. तर त्यात तो तांब्या बी लिहिला. तांब्या, पितळी, नग एक. आन माझ्या हातानं बाहेर नेऊन ठिवला." त्यांनी मांडीवरच्या वहीचा कोपरा सरळ केला. "ती बाई पुढं कुठं गेली, ते मी इचारलं न्हाय. हुकमात तसं इचारायचं नसतं. पर तवापासनं कुणाच्या घरात पानी मागायला जीभ उचलंना. आन मला बघून कोन कशाला देतंय?"

मला एकदम स्वतःची लाज वाटली. भावकी न दुखावण्यासाठी आबांनी दोन पिकअप भरून आणल्या, आणि माझ्या पायाखाली राहणाऱ्या या एकट्या म्हाताऱ्याला मी साधं 'या' म्हणालो नव्हतो. मी तसं बोलून दाखवलं. "तात्या, चुकलो. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"व्हय, ते कलमात न्हाय," तात्या म्हणाले आणि पेन खिशाला लावलं. "पोरीला म्हनावं पुस्तकं काढ. ट्यूबा मात्र पंधरा दिसांत."

सुनंदा आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. तात्यांनी तो घ्यावा की नाही, हे काही क्षण त्यांचं त्यांनाच कळेना. मग घेतला आणि एका दमात रिकामा केला. सुनंदानं हात पुढं केला, पण त्यांनी पेला दिला नाही. ते स्वतः उठून आमच्या स्वयंपाकघरात गेले, नळाखाली पेला विसळला, खांद्यावरच्या पंच्यानं पुसला आणि मांडणीवर बाकीच्या पेल्यांच्या रांगेत नीट ठेवला.