अठराव्या प्रश्नाचं दही

साहेब, वसतिगृह प्रवेश परीक्षेच्या तुमच्या उत्तरसूचीत अठराव्या प्रश्नाचं उत्तर चुकलं आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि तरीही तुम्ही जागचे हलला नाहीत.

'दुधाचे दही होणे, हा कोणता बदल?' कर्जत तालुक्यातल्या ज्ञानेश्वरीने लिहिलं, रासायनिक. तुमची सूची म्हणते, भौतिक. त्या एका गुणाने वसतिगृहाच्या यादीतून तिचं नाव घसरलं. नाव लागलं असतं तर पोरगी नगरला राहून आठवी शिकली असती. नाही लागलं, म्हणजे शुक्रवारी आईबापाच्या टोळीबरोबर कोपरगावला ऊसतोडीला.

तिला विज्ञान शिकवणाऱ्या ग्लोरियाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. वीस वर्षं त्या हाच धडा शिकवत आल्या होत्या. त्यांनी आक्षेपाचा अर्ज मिळवला. अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात अट होती: 'आक्षेप पदार्थाविषयी असल्यास बदलापूर्वीचा व बदलानंतरचा नमुना सीलबंद सादर करावा.'

"म्हंजे दूध आन् दही न्यायाचं?" ज्ञानेश्वरीच्या आईने, भागूबाईने विचारलं.

"हो. दोन्ही."

"का वं बाई, सायबानं कदी पाह्यलं न्हाई का?"

सरकारी काम म्हणून भागूबाईने घरातल्या त्यातल्या त्यात चांगल्या दोन बरण्या काढल्या. दोन्ही रोजच्या विरजणाच्या. घाईघाईत पाण्याने विसळल्या. एकीत दही, दुसरीत कोमट दूध. ग्लोरियाबाईंनी चर्चमधली उरलेली मेणबत्ती वितळवून झाकणांवर ओतली. मेण थिजलं, तेव्हा सवयीने त्या पुटपुटल्या, "हा भौतिक." मंगळवारी पहाटेच्या एसटीत दोन्ही बरण्या मांडीवर घेऊन बसल्या.

नगरच्या कार्यालयात खिडकीवर रामहरी नावाचा कारकून होता. अकराला तुम्ही मीटिंगमध्ये होता. एकला जेवणाची सुट्टी झाली. तीनला आवक नंबर पडला. चारला रामहरीने सील फोडलं, आत डोकावला, दोन्ही बरण्या तिरक्या करून पाहिल्या.

"मॅडम, दोन्ही दहीच हाय."

"सकाळी त्यात दूध होतं!"

"आसंल. पन नमुना एक दही, नमुना दोन दही. बदल काय झालेला दिसत न्हाई."

"अहो, हाच तर बदल! तुमच्या टेबलावर झाला!"

"टेबलावर झालेल्या बदलाला आमी जबाबदार न्हाई," रामहरी म्हणाला, आणि तसंच लिहून मोकळा झाला.

ग्लोरियाबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. बुधवारी त्यांनी थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात दुधाची बाटली ठेवली, दही वेगळ्या डब्यात घेतलं, आणि कार्यालय उघडायच्या आधी दारात उभ्या राहिल्या. रामहरीने आदराने दोन्ही नमुने कपाटात ठेवले. बारा वाजता तुमच्याकडे पाहुणे आले. चहा पाहिजे होता, आणि टपरीवरचं दूध संपलं होतं.

बाई चारला खिडकीशी गेल्या, तर थर्मासमधली दुधाची बाटली रिकामी.

"आणि दही?"

रामहरीने खाली मान घातली. "सायबांच्या डब्यात खिचडी हुती, मॅडम."

बाईंनी रिकामी बाटली पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "रामहरी, खरं सांगा. दह्याचं परत दूध होतं का?"

"मॅडम, भौतिक बदलात मूळ पदार्थ परत मिळवता येतो. पुस्तकातच हाय."

"मग मिळवून दाखवा."

"ते सायबांचं काम."

गुरुवारी शाळेच्या मोबाईलवर निकाल आला: 'पहिल्या वेळी दोन्ही नमुने सारखेच आढळले. दुसऱ्या वेळी नमुने आढळले नाहीत. सबब आक्षेप निकाली.'

शुक्रवारी सकाळी गावाबाहेर ट्रक उभा होता. भांडी चढली, गोधड्या चढल्या, कोंबड्यांची पाटी चढली. ज्ञानेश्वरी शेवटी चढणार होती. तिने बाईंच्या हातात दह्याची बरणी दिली. बरणीला वहीचा कागद दोऱ्याने बांधला होता.

"बाई, म्या बी अर्ज केलाय. मीच लिवलाय, चुका आसतील तर बगा."

बाईंनी वाचलं. 'मा. साहेब, सोबत दही जोडले आहे. हा बदल भौतिक असल्यास याचे दूध करून परत पाठवावे. पत्ता: ऊसतोड टोळी, कोपरगाव.'

चूक एकही नव्हती.

"पोरी, बस की आता!" भागूबाई वरून ओरडली. "आन् बाई, बरनी तेवढी मागून घ्या सायबाकडून. आमच्या सासूच्या येळची हाय."

ट्रक धुरळा उडवत गेला. सोमवारी ग्लोरियाबाईंनी बरणी खिडकीवर ठेवली, आवक नंबर घेतला, पोच घेतली. रामहरीने या वेळी झाकण उघडलं नाही. अर्ज दोनदा वाचला, आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून थेट तुमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

आज बावीस दिवस झाले, साहेब. बरणी तिथंच आहे. तुमच्या खोलीत आता वासाने कोणी बसत नाही म्हणतात. पोरगी कोपरगावच्या फडात मोळ्या बांधते आहे आणि दर दोन दिवसांनी मुकादमाच्या फोनवरून बाईंना एकच प्रश्न विचारते आहे. उत्तर तुमच्याकडे आहे, सूचीत छापलेलं.

सांगा, दूध कुठं आहे?