बाकातले बाबा

शाळेने पालकांना इंग्रजी शिकायला बोलावलं, तिथेच बेकरीवाल्याचं पित्त खवळलं होतं. "भट्टी मी सांभाळायची, फी मी भरायची आणि वर अभ्यासही मीच करायचा? मग बाई काय करणार, पाव भाजणार?" असं पुटपुटत तो वर्गात शिरला. बघतो तर खुर्च्या नाहीतच. पोरांच्याच बाकांवर बसायचं. बाक म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा; बसायची फळी आणि लिहायची फळी एकमेकींना जखडलेली, मध्ये वीतभर जागा. बेकरीवाल्याने पोट आत घेतलं, श्वास रोखला आणि देवाचं नाव घेऊन अंग खाली सोडलं. बसला एकदाचा. मग त्याने श्वास सोडला.

तो सोडायला नको होता.

"मुलांना घरी मदत करता यावी, म्हणून हा खेळ," बाई म्हणाल्या. "मी इंग्रजी शब्द सांगेन. नाम, क्रियापद की विशेषण, ते ओळखायचं. क्रियापद असेल तर करूनही दाखवायचं. बरोबर आलं की उठून घरी जायचं."

शेजारी औषधवाला बसला होता. काडीसारखा माणूस, त्या बाकात आणखी दोघांना घेऊन मावला असता. त्याला 'जंप' आला. "क्रियापद!" म्हणत त्याने टुणकन उडी मारली, टाळ्या घेतल्या आणि घरी जायचं सोडून दाराशी गंमत बघत उभा राहिला.

"आता तुम्ही. ब्रेड?"

"नाम," बेकरीवाला तोऱ्यात म्हणाला. "पहाटेपासून तेच तर करतोय."

"शाब्बास! या तुम्ही."

तो उठायला गेला. मांड्या हलल्या, पोट हललं, बाकसुद्धा हलला. बेकरीवाला मात्र जिथल्या तिथे. कपाळाला घाम फुटला. आता चारचौघांत 'अडकलो' म्हणायचं? बाहेर पटांगणात लेक खेळत होती. माझ्या बाबाला सगळं येतं, असं ती अख्ख्या वर्गाला सांगून बसलेली!

"एवढ्यात कुठे जायचं, बाई," तो म्हणाला. "आणखी एक विचारा की."

बाईंना अगदी भरून आलं. असा पालक कुठे मिळतो? "बरं. रन?"

आली का पंचाईत! लेकीच्या घोकण्यामुळे रन त्याला झोपेतही आलं असतं. पण क्रियापद म्हटलं की पळायचं आलं.

"नाम," तो म्हणाला.

"अहो, असं काय करता? क्लाइंब?"

"तेही नाम."

"ईट?"

बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. हे बसल्या बसल्या जमणारं होतं. "क्रियापद!" त्याने हवेतला भला मोठा घास घेतला आणि चांगला चावून दाखवला.

"हे बरोबर यायचंच!" दारातून औषधवाला म्हणाला. वर्ग खो खो हसला.

बेकरीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकाकडे निघाली. मध्ये फळी होती म्हणून जरा वेळ लागला, एवढंच. तेवढ्यात औषधवाल्याने बाहेर हाक मारली. "ये गं, ये. तुझ्या बाबाला साधं रन येत नाही बघ."

लेक दारात आली. बापासारखीच गोल गरगरीत, पण चेहरा पार उतरलेला.

"बरं, अगदी सोपा देते," बाई चुचकारत म्हणाल्या. "गो?"

लेकीचं ते तोंड पाहिलं आणि त्याचा बांध फुटला. "क्रियापद! रन क्रियापद, क्लाइंब क्रियापद, गो पण क्रियापद! सगळं येतं मला! उठता तेवढं येत नाहीये!"

आणि तो ताडकन उठला. म्हणजे बाकासकट उठला. कासव उभं राहिलं तर कसं दिसेल, तसा. वर्गात नुसता हशा उसळला.

लेक हसली नाही. ती पुढे आली. "खाली बस, बाबा. डावा गुडघा आधी बाहेर काढ. हं. आता तिरका हो. श्वास नाही सोडायचा!"

बाटलीचं बूच निघावं तसा तो बाहेर आला.

"तुला गं कसं माहीत हे?"

"माझाच बाक आहे हा. मी रोज अडकते. सगळे गेले की निघते, म्हणून तर घरी यायला उशीर होतो."

हशा थांबला. त्या उशिरापायी बेकरीवाला रोज तिच्यावर ओरडत असे.

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस?"

बेकरीवाल्याने वाकून मैद्याचं पोतं उचलावं तसा तो बाक खांद्यावर घेतला.

"अहो, अहो! शाळेचा बाक कुठे नेताय?" बाई ओरडल्या.

"वेल्डिंगवाल्याकडे. माणूस मावेल एवढा करून आणतो." दारातून त्याने वळून पाहिलं. "गो, बाई. करून दाखवायचा राहिला होता."

औषधवाला घाईघाईने बाजूला झाला. बापाच्या पुढे, दप्तर उडवत, लेक त्या दिवशी सगळ्यांच्या आधी वर्गाबाहेर पडली.