निकेत चाळीस

जगाच्या पाठीवर माझं नाव दोनच ठिकाणी आहे. एक, लग्नात आलेल्या स्टीलच्या पातेल्यावर, तेही विनिताच्या नावाखाली आणि बारीक अक्षरांत. दुसरं, आमच्या वर्कशॉपच्या संगणकात, आट्यांच्या टेबलात! आंतरराष्ट्रीय मापांच्या शेजारी, त्याच रांगेत, त्यांच्याच आकाराच्या अक्षरांत! अलिबागपासून पनवेलपर्यंत असा दुसरा माणूस दाखवा, मी त्याच्या घरी पाणी भरीन.

आटे म्हणजे बरणीच्या झाकणाला आतून ज्या वळ्या असतात ना, त्या. बोल्टला असतात, नटाला असतात. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, बोल्ट काढताना ते कोणी मोजत बसत नाही. आत एक भलंमोठं टेबल असतं, त्यातलं माप निवडायचं, की आटे हजर. पण टेबलात नसलेलं माप हवं असेल तर? मग ते टेबल उघडून त्यात स्वतःची ओळ घालावी लागते. ही विद्या मी न्हावा शेव्याला नोकरी करताना शिकलो होतो, आणि नव्या सुनेला पुरणपोळ्या करून दाखवायची जशी घाई असते, तशी मला ती दाखवायची घाई झाली होती.

संधी दिली माझ्या सासऱ्यांनीच.

सासरे, चांगदेव म्हात्रे, खाडीकाठचे शेतकरी. त्यांच्या गावाच्या बांधाला पाच उघाड्या आहेत. उघाडी म्हणजे बांधातलं दार: ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडायचं, भरतीला बंद करून खारं पाणी अडवायचं. दाराची झडप एका उभ्या दांड्याला टांगलेली. दांड्याला आटे, आणि त्यावर चढवायचा दोन कान असलेला दणकट नट. तो फिरवला की झडप वर. काम झालं की नट काढून घरी न्यायचा, म्हणून गावात त्याला चावीच म्हणतात. पाच उघाड्या, पाच घरं, पाच चाव्या.

तर ते पाचही दांडे गंजून गेले, आणि नवे करायचं काम आमच्या कमलेशशेठकडे आलं. सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, “जावयबापू, काम नीट करा. माज्या उघाडीमागं तल्यात अकरा जिताडे हायेत. तीन वर्सं पोसलेत. रविवारी अमिषाचा साखरपुडा, व्याही उरणचे. त्यांना शबूद दिलाय, जिताड्याशिवाय पान वाढनार न्हाय!”

अमिषा म्हणजे माझी मेहुणी. आणि जिताडा हा काय मासा आहे हे ज्याला सांगावं लागतं, त्याने रायगडात लग्न जमवू नये.

“मामा, निश्चिंत राहा,” मी म्हणालो. “आता सगळं कॅडवर!”

जुने दांडे तीस वर्षांपूर्वी आमच्याच बाबाजी मिस्त्रींनी लेथवर कापलेले. मी संगणकासमोर बसलो आणि त्यांना मापं विचारली. ते विडी न पेटवता तोंडात धरून सांगू लागले.

“चांगदेवची, इंचाला साडेतीन आटे. पुढली पावणेचार. तिसरी चार. जनीबायची सव्वाचार. शेवटची पावणेपाच.”

मी हसलो. म्हणजे पोटभर हसलो! “मिस्त्री, एका बांधावर पाच जातीचे आटे? लेथचे गिअर सापडत नव्हते का तुम्हाला?”

“पाची येगळेच पायजेत.”

“कशाला?”

“एकसारखं केलंस तर जनीबायला कसं कलंल?”

“जनीआजीला काय कळायचंय आट्यांतलं!”

मिस्त्रींनी विडी कानावर ठेवली आणि म्हणाले, “व्हय, तुमी शिकलेली मान्सं.” मला ही शाबासकी वाटली.

मी टेबल उघडलं. पाच ओळी घालायच्या सोडून एकच घातली. दांडा चाळीस मिलिमीटरचा, इंचाला आटे चार. मिलिमीटर आणि इंच एका ताटात वाढायचं धाडस आजवर कोणी केलं नसेल! नावाचा रकाना रिकामा होता. कर्सर लुकलुकत होता. मी आजूबाजूला पाहिलं आणि लिहिलं: ‘निकेत-४०’.

गुरुवारी दांडे बसले. बांधावर नारळ फुटला, पाचही चाव्यांना हार घातले. मी छोटंसं भाषणही केलं. “आता कोणाचीही चावी कोणत्याही उघाडीला लागेल! एक हरवली तर शेजाऱ्याची घ्या!” टाळ्या पडल्या. मिस्त्री तेवढे खाडीकडे बघत उभे होते. मला वाटलं, म्हातारा जळतोय.

शनिवारी संध्याकाळी वर्कशॉपसमोर रिक्षा थांबली. आतून जनीआजी उतरली. सत्तरीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात गोणपाट. चौथी उघाडी हिची.

“निकेत कं रं तू? जवल ये!” तिने गोणपाट माझ्या हातात दिलं. आत जिताडा! लांबीला माझ्या हाताएवढा, वजनाला आठ किलो तरी!

“आजी, हे काय?”

“तुज्या चावीला यस हाय पोरा! दुपारच्या ववटीला उघाडी उघडली, तोंडाला जालं लावलं, नि अकरा जिताडे! माज्या उघाडीला जल्मात कवा जिताडा दिसला नव्हता! धाची वाटनी केली आमच्या आलीत. येकटीनं खायाचं नसतं. ह्यो सगल्यात मोठा, तुजा.”

अकरा! हा आकडा ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी वाजायला हवं होतं. माझ्या डोक्यात फक्त वाजंत्री वाजत होती. नुसत्या आट्यांनी मासे वाढतात, हे कोणत्याही टेबलात लिहिलेलं नव्हतं. मी कमलेशशेठला मासा दाखवला. शेठ शाकाहारी, ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “वा निकेतभाई, वा, पन जरा लांबून!”

एवढा मासा घरी नेऊन काय करायचा? मी ठरवलं, तडक सासुरवाडीला जायचं. उद्याच्या अकरांत माझा एक. जावयाचा मान!

ओटीवर सासरे बसलेले. उरणचे व्याही आदल्या दिवशीच आलेले. सासरे त्यांना सांगत होते, “दर माणशी येक तुकडा, पन हाताएवढा!” मी मध्ये जाऊन, गोणपाट सोडून, मासा केळीच्या पानावर ठेवला.

“मामा, माझ्याकडून!”

सासऱ्यांनी माशाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत माशाकडे पाहिलं. मग वाकून त्याची शेपटी उचलली. खालचा कोपरा अर्धचंद्रासारखा तुटलेला होता.

“दादूस!” सासरे ओरडले.

“कोण?” मी विचारलं.

“ह्यो! ह्यो दादूस हाय! ह्याचं शेपूट खेकड्यानं तोडलेलं, मी डोल्यांनी बघितलंय! जावयबापू, माजाच जिताडा मना भेट देताय?”

व्याही खाकरले. मी हसायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याने साथ दिली नाही.

आम्ही सगळे बांधावर धावलो. सासऱ्यांच्या तळ्यात गुडघाभर चिखल, त्यात एक उलटा पडलेला खेकडा. झडप वर, दांड्यावर चावी तशीच, तिच्या कानात गुरुवारचा सुकलेला हार. सासरे मटकन बांधावर बसले. “तीन वर्सं,” ते म्हणाले. “रोज सकाली हातानं कोलीम चारलाय त्यांना.” तेव्हा मात्र मला खरंच लाज वाटली.

जनीआजीला बोलावलं. ती आली, आणि तिला काही केल्या काय झालं तेच कळेना.

“आजी, ही तुझी उघाडी नाही!” मी म्हणालो.

“मंग चावी कशी बसली?”

“कोणाचीही बसते आता...”

“असं कसं? डोलं गेल्यापास्नं मी असंच करतंय. गावाकडनं बांधावर चालायचं, दांडा लागला की चावी लावून बगायची. पयल्याला न्हाय बसत, दुसऱ्याला न्हाय, तिसऱ्याला न्हाय, चवथ्याला बसते. ती माजी. आज पयल्यालाच बसली. मना वाटलं, तू उघाडी जवल आनून दिलीस!”

मिस्त्रीही तिथे येऊन उभे होते. सगळ्यांच्या माना आधी त्यांच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे.

मिस्त्रींनी कानावरची विडी काढली. “हिचे डोलं गेलं तवा जुनी चावी लावून बगत जायची, मी बगायचो. इचारलंस तवा सांगितलं व्हतं,” म्हणाले, आणि विडी पेटवली.

रविवारी साखरपुडा झाला. दहा जिताडे आळीच्या पोटात गेले होते. उरलेल्या एका दादूसचे सासूबाईंनी असे काही तुकडे केले, की व्याह्यांच्या ताटात एकेक पडला. लांबी हाताएवढी नव्हे, बोटाएवढी. व्याही चांगली माणसं. म्हणाले, “चव मात्र न्यारी!” अमिषाने डोळे पुसले आणि हसली. दोनच ताटांत मासा नव्हता. जनीआजीने स्वतःहून घेतला नाही, आणि मला कोणी वाढला नाही. मला वालाचं बिरडं वाढलं. विनितानेच वाढलं.

सोमवारी मी टेबलात पाच नव्या ओळी घातल्या. साडेतीन, पावणेचार, चार, सव्वाचार, पावणेपाच. मापं मिस्त्रींनी सांगितली, मी नुसता टंकत होतो. नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले, “ज्याची उघाडी त्याचं नाव. मिस्त्रीचं नाव कोन लिवतं?” दांडे परत कापले, चाव्या परत केल्या, आणि जनीआजी परत चौथ्या दांड्यापर्यंत चालू लागली.

माझी ओळ पुसायला मात्र मन होईना. शेठना विनंती केली, तेवढी राहू द्या. शेठ दयाळू माणूस, हो म्हणाले. फक्त शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतः दोन शब्द टाईप केले.

तेव्हा आंतरराष्ट्रीय मापांच्या शेजारी, त्याच रांगेत, त्याच आकाराच्या अक्षरांत आजही माझं नाव आहे. कधी वर्कशॉपला आलात तर जरूर दाखवीन.

‘निकेत-४०: वापरू नये.’