रुमालबाईंच्या दातांची फाइल

जन्मनोंदणीच्या चार नंबर खिडकीवरच्या कारकून बाई एका हाताने शिक्का मारत आणि दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल धरत. नव्या बापांचे अभिनंदनही रुमालाआडूनच होई. कार्यालयात त्यांना रुमालबाई म्हणत. कारण साधे होते. त्यांचे पुढचे दात जागा न मिळाल्यासारखे एकमेकांच्या खांद्यावर चढले होते. फटींत अन्न अडके, ब्रश पोचत नसे, हिरड्या सुजत. दोन दाढा तर केव्हाच गेल्या होत्या.

बाईंनी हे सारे निमूट सोसले. पण एके दिवशी त्यांची दहा वर्षांची मुलगी खळखळून हसली आणि हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला. मुलीचे दात अगदी सरळ होते.

"हात कशाला गं?"

"मोठ्या बायका असंच हसतात ना, आई?"

दुसऱ्याच दिवशी बाईंनी अर्ज केला. कार्यालयाच्या दवाखान्यात तारा लावून दात सरळ करून मिळत. फक्त आरोग्य समितीची मंजुरी लागे. दंतवैद्यांनी शिफारस लिहिली, 'दात स्वच्छ राखणे अशक्य. हिरड्या धोक्यात.' समितीने कळवले, 'सरळ दात ही सौंदर्याची बाब आहे. जीवनमानावर परिणाम होत असल्यास पुरावा जोडावा.'

शेजारच्या मृत्युनोंदणी खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी जबाब लिहून दिला, 'अकरा वर्षांत या बाईंना हसताना पाहिलेले नाही. त्यापेक्षा माझ्या खिडकीवर लोक जास्त हसतात.'

समितीचे उत्तर आले, 'ज्याअर्थी दात कोणासही दिसलेले नाहीत, त्याअर्थी ते वाकडे असल्याचे सिद्ध होत नाही. अर्जदाराने समक्ष हजर राहून हसून दाखवावे.'

ठरल्या दिवशी तीन सदस्य पेन्सिली परजून बसले होते.

"हसा," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, कारणाशिवाय कसं हसू?"

"नियमात कारणाची अट नाही."

"मंद, मध्यम की मुक्त, ते आधी सांगा," दुसरे सदस्य म्हणाले. "मला रकाना भरायचाय. मंद असेल तर सहा महिन्यांनी परत यावं लागेल."

"आणि घाई करू नका," तिसरे म्हणाले. "हसू आलं की थोडा वेळ तसंच धरून ठेवा. मोजणी करायची आहे."

बाईंनी ते तीन गंभीर चेहरे पाहिले आणि त्यांचा बांध फुटला. खुर्ची हलू लागली, रुमाल खाली पडला, डोळ्यांतून पाणी आले. अकरा वर्षांचे साठलेले हसू होते ते, थांबता थांबेना. आठवड्याने निर्णय हाती आला, 'अर्जदार मुक्तपणे हसतात. जीवनमान उत्तम. अर्ज निकाली.'

तो कागद वाचून बाई पुन्हा हसल्या, आणि मग त्यांना त्याची चटकच लागली. खिडकीवर त्या आता उघड्या तोंडाने अभिनंदन करू लागल्या. घरी मुलगीही हात न ठेवता खिदळू लागली. हिरड्यांतून रक्त येतच होते. पण दिवस बरे जात होते.

तिसऱ्या आठवड्यात नागरिकांचा तक्रारअर्ज आला. खाली एकेचाळीस सह्या होत्या. 'बाळाच्या आयुष्यातली पहिली नोंद करताना असे दात पाहावे लागतात. मन खट्टू होते.'

समिती त्याच दुपारी बसली. एकमताने ठराव झाला, 'नागरिकांच्या जीवनमानावर परिणाम होत असल्याचे सिद्ध झाल्याने तातडीने मंजुरी.'

बाईंनी तो तक्रारअर्ज मागवून घेतला आणि एकेका नावावरून बोट फिरवले.

"भाऊसाहेब, ही सगळी माणसं माझ्याशी किती छान बोलली होती हो! वळून हसलीसुद्धा."

"भलीच माणसं आहेत, बाई," भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले. "भली असल्याशिवाय कोणी तोंडावर गोड बोलतं का?"

शेवटची सही तेवढी पुसट आहे. नाव लागत नाही. अक्षर मात्र वळणदार आहे. वाचनाची आवड असलेल्या एखाद्या सुसंस्कृत माणसाचे असावे.