केरबा कासवाची तहान आणि डांबउपट्या

एका जंगलात, बाळांनो, सगळं कसं छान चाललं होतं. म्हणून तिथे एक समिती नेमली.

समिती नेमली की तिला काहीतरी करावं लागतं. शेजारच्या जंगलाला कुंपण होतं, यांच्या जंगलाला नव्हतं. झालं! खैराचे डांब आणले आणि ठोकायला सुरुवात केली. डांब म्हणजे कुंपणाचा खांब. कुंपण कोणापासून रक्षण करायला घातलं, ते मला विचारू नका. तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं.

कुंपण झकास झालं. फक्त कमळतळं पलीकडे राहिलं. हरणं उड्या मारून पाण्यावर जायची. मुंगूस फटीतून जायचं. पाखरांचा तर प्रश्नच नव्हता. समितीच्या सदस्यांसाठी एक फाटक होतं, ते फक्त सदस्यांनाच उघडायचं. अडकलं ते एकटं केरबा कासव.

केरबाला उडी मारता येत नव्हती. फटीतून त्याची मान जायची, पाठ जायची नाही. वळसा घालून जावं, तर त्याच्या चालीने अख्खा उन्हाळा गेला असता. आणि उन्हाळा तर आत्ताच सुरू झाला होता. बिचारा सकाळी गवतावरचं दव चाटायचा आणि दिवसभर मान फटीत घालून तळ्याकडे बघत बसायचा. हसू नका रे! पाणी दिसतंय आणि पिता येत नाही, यासारखा छळ नाही.

खरं म्हणजे एकच डांब काढायचा होता. चिंचेसमोरचा. तो निघाला की केरबा पाठीसकट पलीकडे.

आता डांब उपटण्याच्या कामात मुसंडे रानडुकराचा हात धरणारं त्या जंगलात कोणी नव्हतं. हात म्हणजे नाक. केरबा आणि मुसंडे लहानपणी एकाच चिखलात लोळलेले. केरबा हक्काने त्याच्याकडे गेला.

“मुसंड्या, त्या डांबाला एक धडक मार रे.”

मुसंडेने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या छातीवर रेशमी पट्टा होता.

“हळू बोल. आणि मुसंड्या काय म्हणतोस? मी कुंपण समितीचा अध्यक्ष आहे.”

“बरं, अध्यक्षसाहेब, एक धडक मारा.”

“अध्यक्षाने नाक मातीत घालायचं नसतं, केरबा. चारचौघांत बरं दिसत नाही. तू अर्ज कर.”

“अर्ज कसला? रोज सकाळी तू त्याच डांबाला पाठ घासतोस. हलतोय तो!”

“ते खाजगी काम,” मुसंडे म्हणाला. “हे सार्वजनिक आहे.”

केरबाने पळसाच्या पानावर अर्ज केला. समितीची बैठक बसली, चहापाणी झालं. नाकाने डांब उपटणं अशास्त्रीय आहे, असं सर्वानुमते ठरलं. यंत्र पाहिजे. मग टोकेकर सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. हा टोकेकर तीन जंगलं सोडून पलीकडे शिकून आला होता. बोलायच्या आधी समोरच्या वस्तूवर चोचीने टकटक करायचा. केरबाला नमस्कार करण्याआधी त्याने केरबाच्या पाठीवर टकटक केलं.

“पोकळ नाही,” तो म्हणाला. “नमस्कार.”

टोकेकरने यंत्र बनवलं आणि त्याला डांबउपट्या असं नाव दिलं. खोटं कशाला बोलू, यंत्र उत्तम होतं. जमिनीवर एक जाड फळी. फळीवर भक्कम लाकडी घोडी. घोडीवर आडवा टाकलेला लांबलचक दांडा, त्याच्या आखूड टोकाला साखळी. साखळीचा फास डांबाला घालायचा आणि लांब टोक खाली दाबायचं, की डांब वीतभर वर. फास खाली सरकवायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा वीतभर वर. चार-पाच वेळा केलं की हलणारा दात निघावा तसा डांब अलगद बाहेर. ताकद लागायची नाही. केरबा नुसता दांड्याला लोंबकळला असता तरी भागलं असतं.

केरबाचे डोळे भरून आले.

“लावा लवकर चिंचेसमोर!” तो म्हणाला.

“लावा?” टोकेकर म्हणाला. “अहो, उद्घाटन नको?”

उद्घाटनाला सिंहमहाराज येणार होते. आता महाराजांनी दांडा दाबला आणि डांब निघालाच नाही तर केवढी नामुष्की! तेव्हा कुंपणाचा ठोकून बसवलेला डांब उद्घाटनाला चालणार नव्हता. म्हणून समितीने मैदानात एक नवा डांब रोवला. त्याला लाल-पांढरा रंग दिला, झेंडूची माळ घातली. माती भुसभुशीत राहावी म्हणून कमळतळ्यातून घागरी भरभरून आणल्या आणि खड्ड्यात ओतल्या.

पाणी! केरबा धावला. म्हणजे, निघाला. तो पोचेपर्यंत मातीने सगळं पिऊन टाकलं होतं. केरबाने ओली माती चाटली, तेवढ्यात स्वयंसेवकांनी त्याला रांगोळीवरून हाकललं.

महाराज आले. त्यांनी एका पंजाने दांडा दाबला. डांब सुर्रकन बाहेर आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांना भलतीच मजा वाटली.

“अजून एक आणा!” ते म्हणाले.

अजून एक रोवला, अजून एक उपटला. दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांनी उपटला. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या जंगलांतले पाहुणे बघायला यायला लागले. प्रत्येक पाहुण्याला एक डांब उपटायचा मान. मग काय, सकाळी रोवायचे आणि दुपारी उपटायचे. अर्धं जंगल रोवायला, अर्धं टाळ्यांना. यंत्राला क्षणाची उसंत नव्हती. कुंपण होतं तिथेच होतं.

केरबाचा घसा आता चामड्यासारखा झाला होता. त्याने टोकेकरला गाठलं.

“साहेब, माझा डांब?”

टोकेकरने टकटक केलं. “बघा केरबा, यंत्र आज लोकप्रिय आहे. त्या तुमच्या डांबाला लावलं आणि नाहीच निघाला तर? यंत्राची अब्रू जाईल. तुम्ही जरा मोठं मन ठेवा.”

मोठं मन ठेवायला आधी जिवंत राहायला हवं, हे केरबाला तिथेच कळलं. आणि त्या दिवशी, बाळांनो, ते साधंभोळं कासव आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललं. भर दुपारी ते मुसंडेच्या समोरून मुद्दाम हळूहळू चाललं. त्यात त्याला वेगळं काही करावं लागलं नाही.

“कुठे रे केरबा?” मुसंडेने विचारलं.

“काही नाही, अध्यक्षसाहेब. चिंचेसमोरच्या डांबाखाली कंद फुगलाय म्हणतात, डोक्याएवढा. तुम्ही काही नाक मातीत घालणार नाही. म्हटलं, साळिंदराला तरी सांगावं.”

मुसंडेच्या नाकपुड्या थरथरल्या.

“थांब,” तो म्हणाला. “याची पाहणी करावी लागेल.”

पाहणी अशी झाली, की पट्टा पाठीवर उलटा फिरला, माती उडाली आणि धाड्! डांब उखडला तो थेट तळ्याच्या काठाला जाऊन पडला. कंदाचा पत्ता नव्हता. मुसंडे खड्ड्यात नाक घालून शोधत राहिला आणि केरबा त्याच्या शेजारून गेला. लगबगीने गेला, संध्याकाळच्या आत पोचला.

पाण्यात शिरला तेव्हा तो रडला. पाणी प्यायला, थांबला, पुन्हा प्यायला. त्याला इतकं बरं वाटलं की कोणाबद्दल राग म्हणून उरला नाही.

इकडे टोकेकर उडत आला.

“हा डांब कोणी काढला?”

मुसंडेने नाकावरची माती पुसली. “यंत्राने.”

“यंत्र तर मैदानात आहे!”

“तेच तर कौतुक,” मुसंडे म्हणाला. “इतक्या लांबून!”

टोकेकरने खड्ड्याच्या कडेवर टकटक केलं. मग त्याला ते पटलं. स्वतःची स्तुती पटायला वेळ लागत नाही. लगेच तो तळ्यावर गेला आणि एका कमळाच्या पानावर उतरला.

“केरबाजी, अभिनंदन! आमच्या यंत्राचे पहिले लाभार्थी तुम्ही. उद्या सकाळी मैदानात तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द बोलायचे.”

केरबाला आजवर कोणी केरबाजी म्हटलं नव्हतं. त्याने पाण्यात गप्प पडून राहायचं की नाही? तुम्हीच सांगा! पण सत्कार म्हटला की भल्याभल्यांना राहवत नाही. शिवाय तो मनाचा चांगला. म्हणाला, एवढं केलंय त्यांनी, आभार मानायला नको? पहाटेच निघाला. खड्ड्यातून उतरला, चढला, अलीकडे आला आणि व्यासपीठावर जाऊन बसला.

भाषणं झाली. महाराज बोलले, टोकेकर बोलला, मुसंडे तर बोलता बोलता गहिवरला. केरबाच्या पाठीवर शाल घातली, ती घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. शेवटी एका माकडाने ती धरून ठेवली. नारळ समोर ठेवला. मग केरबाला बोलायला उभं केलं. मुसंडे समोरून डोळ्यांनी गयावया करत होता. जुना मित्र तो. केरबाने मान बाहेर काढली.

“यंत्र नसतं तर मी मेलो असतो,” तो म्हणाला. टाळ्यांचा पाऊस पडला.

कार्यक्रम संपला तोवर ऊन डोक्यावर आलं. बसून बसून घसा सुकलेला. केरबा नारळ पुढे ढकलत चिंचेकडे वळला; निरोप द्यायला मुसंडे आणि टोकेकर सोबत होते. बघतो तर काय! खड्ड्याच्या जागी दोन डांब. नवेकोरे, चांगले जाड, बुडाशी दगड ठेचून बसवलेले. फटीत आता त्याची मानही जात नव्हती.

“मुसंड्या, हे काय रे?”

“अरे, कुंपणाला भगदाड बरं दिसतं का? यंत्र बघायला पाहुणे येतात,” मुसंडे म्हणाला. “तुझी अडचण तर दूर झाली ना? आत्ताच तू सगळ्यांसमोर सांगितलंस.”

केरबाने समोरचा नारळ हलवून पाहिला. आत पाणी खळखळलं.

“हा तरी फोडून द्या रे कोणीतरी,” तो म्हणाला. “दगडावर आपटा. जमेल तसा फोडा, पण फोडा!”

टोकेकर पुढे आला. त्याने नारळावर टकटक केलं. खाली वाकून गोलाई मापली, वरून मापली, आणि त्याचे डोळे चमकले.

“दगडावर?” तो म्हणाला. “छे छे! फक्त महाराजांची तारीख मिळू द्या.”

तात्पर्य : उपकाराची जाण जरूर ठेवावी. पण ती पाण्यात बसून ठेवावी.